आयडीचा काउंटर कोणाकडे?

नव्या प्रकल्पात डेटाबेसचा स्कीमा, म्हणजे टेबलांचा आराखडा, काढायला बसलं की पहिला वाद आयडीवरून, म्हणजे प्रत्येक ओळीच्या ओळखीवरून होतो. प्रत्येक टेबलाचा १, २, ३ असा वेगळा क्रम ठेवायचा, की जगात कुठेही न जुळणारी यूयूआयडी घ्यायची? टेबलागणिक आकड्यांचा छुपा त्रास म्हणजे ग्राहक ४२ आणि बिल ४२ दोन्ही असतातच. जॉइन (दोन टेबलांच्या ओळींची जोडणी) चुकीच्या कॉलमवर लागला तरी ओळी येतात, आणि त्या खऱ्या वाटतात.

डेटा टेबलांत ठेवण्याचं रिलेशनल मॉडेल मांडणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७९ मध्येच 'सरोगेट' (नुसत्या ओळखीपुरता संकेत) सुचवला होता. तो सिस्टमने द्यायचा आणि अख्ख्या डेटाबेसमध्ये एकदाच यायचा. पोस्टग्रेस या डेटाबेसने असलाच प्रयोग करून पाहिला. प्रत्येक ओळीला ओआयडी (ऑब्जेक्ट आयडेंटिफायर), आणि सगळ्या टेबलांना मिळून काउंटर एकच, तोही फक्त ३२ बिटांचा. एखादं लॉगचं टेबल भराभर वाढलं की सगळ्यांचेच आकडे संपायचे. सव्वाचारशे कोटींच्या पुढे काउंटर फिरून मागे, मग वेगळेपणाची हमी कसली! २००५ मध्ये आवृत्ती ८.१ ने ही सोय आपोआप देणं थांबवलं, २०१९ मध्ये आवृत्ती १२ ने वापरणाऱ्यांच्या टेबलांतून ती काढूनच टाकली. सिस्टम कॅटलॉगमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या स्वतःच्या टेबलांत, ओआयडी अजून आहे, पण त्या-त्या कॅटलॉगपुरताच वेगळा. म्हणून वर्णनं साठवणाऱ्या पीजी_डिस्क्रिप्शन टेबलात ओआयडीसोबत तो कुठल्या कॅटलॉगचा हेही लिहावं लागतं. फिरून टेबलागणिकच!

यूयूआयडी आली नेटवर्ककडून. १९८० च्या दशकात अपोलो कंपनीच्या वर्कस्टेशनांना मध्यवर्ती काउंटरला न विचारता नावं द्यायची होती. त्यातून पुढे १२८ बिटांचा प्रकार रुळला. पहिल्या आवृत्तीत मशीनचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) आणि वेळ असायची. वेळ मोजायची १५ ऑक्टोबर १५८२ पासून, म्हणजे ग्रेगोरियन कॅलेंडर सुरू झालं त्या दिवसापासून. पत्ता असा उघडा पडतो म्हणून लोक चौथ्या आवृत्तीकडे वळले: १२२ बिट निव्वळ यादृच्छिक. पण मायएसक्यूएल डेटाबेसच्या इनोडीबी या साठवणीच्या इंजिनात टेबलच प्रायमरी कीच्या (ओळीच्या मुख्य आयडीच्या) क्रमाने रचलेलं असतं. तिथे अशी की दिली की नवी ओळ कुठल्याही पानात (साठवणीच्या तुकड्यात) घुसते, पानं फुटत राहतात, इन्सर्ट मंदावतात.

मे २०२४ च्या आरएफसी ९५६२ या इंटरनेट मानकातली सातवी आवृत्ती सुरुवातीच्या ४८ बिटांत मिलिसेकंदांची वेळ ठेवते, त्यामुळे नव्या ओळी बहुतेक शेवटीच बसतात. माझी पसंती तिलाच. मात्र लिंकमध्ये ती दिसली की खातं कधी उघडलं हे कोणालाही वाचता येतं.