समुद्रकिनाऱ्यांच्या आधी पोर्ट लुई: मॉरिशसच्या राजधानीची पार्श्वभूमी

मॉरिशसला जाणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक सहलींत पोर्ट लुईच्या वाट्याला अर्धा दिवस येतो. सकाळी किल्ल्यावरून शहराचे फोटो, मग कोदाँ वॉटरफ्रंटवर खरेदी, जेवण आणि पुन्हा बसने किनाऱ्यावरचं हॉटेल. बेटाचे किनारे सुंदर आहेत, त्याबद्दल वादच नाही. पण हे बेट घडलं ते या बंदरात. इथले लोक, त्यांच्या भाषा, त्यांची देवळं आणि त्यांचं जेवण या सगळ्याचा उगम बंदराच्या पाव-अर्ध्या तासाच्या परिघात पायी फिरून पाहता येतो. त्यासाठी इतिहास थोडा माहीत असला की पुरे.

सुरुवात वाऱ्यापासून करावी लागते. मॉरिशसवर वर्षाचा बराच काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. १५९८ मध्ये डच आले ते बेटाच्या आग्नेय बाजूला, आजच्या ग्रँड पोर्ट भागात. त्यांनी आपल्या राजपुत्राच्या, मॉरिसच्या नावावरून बेटाचं नाव ठेवलं, १६३८ पासून वस्ती केली, एबनीची जंगलं तोडली आणि जावा बेटावरून ऊस आणि हरणं आणली. डोडो हा न उडणारा पक्षी त्यांच्याच काळात नामशेष झाला. पण त्यांचं बंदर वाऱ्याच्या तोंडावर होतं. शिडाचं जहाज आत सहज यायचं, बाहेर काढताना मात्र खलाशांचा जीव मेटाकुटीला यायचा. उलट वायव्येकडच्या, आज जिथे पोर्ट लुई आहे त्या खाडीच्या पाठीशी डोंगरांची रांग आहे, त्यामुळे वारा अडतो, पाणी शांत राहतं आणि जहाज निघताना वारा मागून मिळतो. डच १७१० मध्ये बेट सोडून गेले. फ्रेंचांनी १७१५ मध्ये ते ताब्यात घेतलं, ‘इल द फ्रान्स’ असं नाव दिलं आणि पुढे आपलं मुख्य बंदर वायव्येला हलवलं. फ्रान्सच्या राजाच्या नावावरून ते पोर्ट लुई झालं.

त्या खाडीचं शहर केलं माहे द ला बूर्दोने यांनी. १७३५ मध्ये ते गव्हर्नर म्हणून आले तेव्हा इथे झोपड्या आणि चिखल होता. पुढच्या दहा-अकरा वर्षांत धक्के, गोदामं, लष्करी रुग्णालय, पाणी आणणारा कालवा, जहाजदुरुस्तीची सोय हे सगळं उभं राहिलं. आज बंदरासमोर त्यांचा पुतळा आहे, तिथून उंच ताडांच्या दोन रांगांमधून थेट गव्हर्नमेंट हाउसपर्यंत नजर जाते. हा पुतळा पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. याच बंदरातून आरमार घेऊन ला बूर्दोने यांनी १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास जिंकून घेतलं होतं. हिंदुस्थानच्या राजकारणात या छोट्या बेटाचा शब्द किती वजनदार होता, हे त्यावरून कळतं.

हे सगळं बांधलं कोणी, हा प्रश्न पुतळ्यापाशी उभं राहिल्यावर पडायला हवा. मादागास्कर आणि मोझांबिककडून पकडून आणलेले गुलाम हे या शहराचे मूळ मजूर. त्यांच्या जोडीला पाँडिचेरीकडून आणलेले गवंडी, सुतार, लोहार. म्हणजे भारतीय माणूस इथे ऊसमजूर म्हणून येण्याच्या शंभर वर्षं आधी कारागीर म्हणून आला होता. ला बूर्दोने यांच्या काळातल्या लष्करी रुग्णालयाची दगडी इमारत अजून उभी आहे आणि २०२३ पासून तिथे गुलामगिरीच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. पर्यटकांच्या यादीत ते क्वचितच असतं. ते यादीत सगळ्यात वर असायला हवं, असं मला मनापासून वाटतं, कारण इथल्या पुढच्या प्रत्येक गोष्टीचं कारण त्या भिंतींत आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्ट लुई ही इंग्रजांची मोठी डोकेदुखी झाली. रोबेर सुरकूफसारखे फ्रेंच खाजगी लढवय्ये इथून निघायचे, ईस्ट इंडिया कंपनीची मालाने भरलेली जहाजं पकडायचे आणि लूट याच बाजारात विकायचे. नेपोलियनच्या काळात तर शहराचं नावही काही वर्षं ‘पोर्ट नेपोलियन’ होतं. ऑगस्ट १८१० मध्ये ग्रँड पोर्टच्या आरमारी लढाईत इंग्रज सपशेल हरले, पण त्याच वर्षाच्या अखेरीस ते हिंदुस्थानातून शिपायांसह मोठी फौज घेऊन उत्तर किनाऱ्यावर उतरले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शहर त्यांच्या हाती आलं. शरणागतीच्या अटींनुसार फ्रेंच रहिवाशांची मालमत्ता, धर्म, कायदे आणि रीतीभाती तशाच राहिल्या. म्हणून आजही इथे सरकारी कामकाज इंग्रजीत, वर्तमानपत्रं बहुतांशी फ्रेंचमध्ये आणि रस्त्यावरचं बोलणं क्रिओल या फ्रेंचवरून घडलेल्या स्थानिक भाषेत चालतं.

इंग्रजी अमलात बेटावर ऊसच ऊस झाला. पहिल्या वर्षांत रस्ते बांधायला बंगाल आणि मुंबई इलाख्यांतले जन्मठेपेचे कैदी आणले गेले. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन इथे थांबला होता, त्याने हे भारतीय कैदी पाहून त्यांच्याबद्दल लिहून ठेवलं आहे. शहरामागचा ल पूस डोंगरही तो चढला. अंगठ्यासारखा दिसणारा हा डोंगर आजही चढता येतो आणि वरून शहर, बंदर, उसाची शेतं एका नजरेत येतात.

१ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली. मळेवाल्यांना भरपाई म्हणून वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. ज्यांची सुटका झाली त्यांना मात्र काहीच मिळालं नाही, उलट ‘उमेदवारी’च्या, म्हणजे शिकाऊ कामगार म्हणून राहण्याच्या, नावाखाली १८३९ पर्यंत त्याच मालकांकडे राबावं लागलं. मुक्त झाल्यावर ते मळ्यांवर थांबले नाहीत, यात नवल नाही. मळेवाल्यांना हे आधीच दिसत होतं, त्यांना नवे हात हवे होते आणि ते त्यांनी हिंदुस्थानात शोधले. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलस’ नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून आलेल्या ३६ मजुरांपासून गिरमिटाची, म्हणजे करारावर मजूर नेण्याची, ही पद्धत सुरू झाली. तिला ब्रिटिश सरकारने ‘महाप्रयोग’ म्हटलं. गुलामांऐवजी करारावर मजूर परवडतात का, हे इथे तपासलं गेलं, आणि मग हीच पद्धत त्रिनिदाद, गयाना, दक्षिण आफ्रिकेतलं नाताळ, फिजीपर्यंत गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे पाच लाख माणसं या बंदरात उतरली.

ती जिथे उतरली ती जागा म्हणजे आप्रवासी घाट. २००६ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशात घेतलं. वारसा म्हणून नोंदलेली जागा जेमतेम १६४० चौरस मीटर. मूळ आवार याहून मोठं होतं, पुढे त्यातून रस्ते गेले. उरल्या आहेत त्या काळ्या दगडाच्या काही भिंती, दवाखान्याच्या आणि पहारेकऱ्यांच्या खोल्या, मोऱ्या आणि धक्क्यावरून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. पायऱ्या रुंद नाहीत, भव्य तर नाहीतच. एके काळी पाणी त्यांच्या पायथ्याशी होतं. गलबतातून उतरलेला माणूस गाठोडं घेऊन इथून वर यायचा, तपासणी व्हायची, नाव आणि नंबर नोंदला जायचा, दोन-तीन दिवस शेडमध्ये ठेवून मग त्याला मळ्यावर पाठवलं जायचं. पुरुषाला महिना पाच रुपये, शिधा, कपडे आणि पाच वर्षांचा करार. एक दिवस कामावर गेला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा कायदाच होता. १८६७ च्या कायद्यानंतर तर करार संपलेल्या जुन्या मजुराला फोटो लावलेला पास खिशात ठेवल्याशिवाय हिंडता येईना. या जाचाविरुद्ध आदोल्फ द प्लेव्हित्झ या मळेमालकाने मजुरांच्या वतीने १८७१ मध्ये अर्ज तयार केला, त्यावर ९४०१ जणांच्या सह्या-अंगठे होते. त्यातूनच चौकशीसाठी शाही आयोग आला.

शेजारच्या माहिती केंद्रात जहाजावरची जागा, नोंदवह्या, पासवरचे फोटो असं सगळं नीट मांडलेलं आहे. या केंद्राला निदान दोन तास द्यावेत. त्या फोटोंत पाटीवर नंबर धरून उभ्या असलेल्या बायका आहेत, ज्यांनी आयुष्यात त्याआधी कधी कॅमेरा पाहिला नसेल. त्यांच्या नजरेला नजर देऊन पाहिल्याशिवाय तिथून निघू नये.

या लाटेत मराठी माणसंही होती. कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने मुंबई बंदरातून गेलेले लोक कमी, आणि ते जाणं बरंचसं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचं. त्यांच्यात कोकणातल्या, विशेषतः रत्नागिरीकडच्या कुटुंबांचा भरणा मोठा. संख्येने थोडे असूनही त्यांनी आपलं जे टिकवलं ते थक्क करणारं आहे. मॉरिशसच्या सरकारी शाळांत मराठी शिकता येतं. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातल्या जाखडीसारखं नाचगाणं तिथे ‘झाकरी’ म्हणून अजून होतं. पश्चिमेकडच्या कास्कावेलसारख्या गावांत गणपती बसतात आणि विसर्जनाला अख्खं गाव समुद्रावर जातं. ज्यांच्या घरात ‘आमचे कोणी मिरिच देशाला (म्हणजे मॉरिशसला) गेले होते’ अशी गोष्ट सांगितली जाते, त्यांनी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटची माहिती आधी काढून जावं. स्थलांतरितांच्या नोंदवह्या तिथे जतन केल्या आहेत. त्यांत नाव, बापाचं नाव, जहाज, गाव, जिल्हा आणि अंगावरच्या खुणासुद्धा सापडतात. नावं इंग्रज कारकुनाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली आहेत, तेव्हा थोडी चिकाटी लागते.

गांधीजींचं नाव त्या संस्थेला उगाच दिलेलं नाही. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना त्यांचं जहाज पोर्ट लुईला थांबलं आणि ते दोन-तीन आठवडे बेटावर राहिले. मुलांना शिकवा आणि राजकारणात भाग घ्या, असं त्यांनी इथल्या भारतीयांना सांगितलं. पुढे १९०७ मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर आले आणि मजुरांचे खटले लढू लागले.

बंदराचे दिवस मात्र तोवर फिरले होते. १८६६-६८ मध्ये हिवतापाची भयंकर साथ आली, शहरात माणसं पटापट मरू लागली. ज्यांना परवडलं ते थंड, उंचावरच्या क्युरपीपकडे राहायला गेले. नुकतीच सुरू झालेली रेल्वे त्यांच्या कामी आली. पाठोपाठ १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि युरोपची जहाजं या वाटेने येईनाशी झाली. १८९२ च्या चक्रीवादळाने शहराचा मोठा भाग जमीनदोस्त केला. पोर्ट लुई दिवसा गजबजलेलं आणि संध्याकाळी पाचनंतर ओस का पडतं, याचं मूळ त्या साथीत आहे. नोकरी शहरात आणि घर वर डोंगराकडे, ही सवय तेव्हा लागली ती आजही आहे. जुनी रेल्वे १९६० च्या दशकात बंद झाली. आता भारताच्या मदतीने लार्सन अँड टुब्रोने बांधलेली मेट्रो बरीचशी त्याच मार्गावरून धावते, आणि त्यातून शहरात येणं टॅक्सीपेक्षा स्वस्त पडतं.

शहरामागच्या टेकडीवरचा अ‍ॅडलेड किल्ला, म्हणजेच सिटाडेल, १८३४ ते १८४० मध्ये बांधला. तो परकीय शत्रूइतकाच शहरातल्या फ्रेंच मळेवाल्यांवर नजर ठेवायला होता, कारण गुलामगिरी संपवायला त्यांचा कडवा विरोध होता. वर गेलात की खाली हिरवं शाँ द मार्स मैदान दिसतं. आधी फ्रेंच कवायतीचं मैदान, १८१२ पासून घोड्यांच्या शर्यती. १२ मार्च १९६८ ला दुपारी याच मैदानात ब्रिटिश झेंडा उतरवून मॉरिशसचा चौरंगी झेंडा चढवला गेला, आणि शिवसागर रामगुलाम पंतप्रधान झाले.

कोदाँवर जाणारच असाल तर दुकानांइतकाच वेळ ब्लू पेनी म्युझियमला द्या. १८४७ ची एक पेनी आणि दोन पेन्सची टपाल तिकिटं तिथे आहेत. जगात ती थोडीच उरली असल्याने १९९३ मध्ये स्थानिक कंपन्यांनी एकत्र येऊन विकत घेतली आणि मायदेशी आणली. प्रकाशाने रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवर ठराविक वेळीच काही मिनिटं दिवा लागतो, तेव्हा आत शिरतानाच वेळ विचारून घ्यावी. डोडोचा सांगाडा पाहायला नॅचरल हिस्टरी म्युझियम जवळच आहे.

जेवायला सेंट्रल मार्केटचा परिसर गाठा. ढोलपुरी म्हणजे गूळ न घातलेल्या डाळीची पातळ, मऊ पुरणपोळी म्हणा ना. गाडीवाला कापडाखालच्या चळतीतून दोन पुऱ्या उचलतो, त्यावर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची रस्साभाजी, टोमॅटोची ‘रुगाय’ आणि हिरव्या मिरचीचं वाटण घालतो, गुंडाळून कागदात देतो आणि लगेच पुढच्याकडे वळतो. तिखट नको असेल तर आधीच सांगा. वर ‘आलुदा’ प्या, आपल्या फालुद्याचाच तो भाऊ. तिथून चालत पाच-दहा मिनिटांत रॉयल स्ट्रीटवरची जुनी जुम्मा मशीद आणि चायना टाउन येतं.

फिरायला मे ते ऑक्टोबर चांगला. डोंगर वारा अडवतात म्हणून बंदराचा जो फायदा झाला, त्याचा इथल्या, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या, उन्हाळ्यात माणसाला त्रास होतो. जानेवारी-फेब्रुवारीत दुपारी शहर तापतं आणि तो चक्रीवादळांचाही हंगाम. रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून कामाचा दिवस निवडा. आप्रवासी घाटापासून सकाळी सुरुवात करा, मग गुलामगिरीचं संग्रहालय, बाजार, दुपारी म्युझियम आणि ऊन उतरल्यावर सिटाडेल. दुसरा दिवस हाती असेल तर शहराच्या उत्तरेला दहा-अकरा किलोमीटरवरच्या पाँपलमूसच्या बागेत जा. फ्रेंच प्रशासक पिएर प्वाव्र यांनी मसाल्यांवर मक्तेदारी असलेल्या डचांची नजर चुकवून मिळवलेल्या लवंग आणि जायफळाच्या रोपांना अठराव्या शतकात तिथे जागा मिळाली होती. परातीएवढ्या पानांच्या कमळांचा तलावही तिथलाच.