लाकडी पक्ष्यापासून मातीच्या तबकडीपर्यंत : नेमबाजीच्या खेळकर लक्ष्यांची पार्श्वभूमी

नेमबाजीच्या लक्ष्यांचे ढोबळपणे दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारचे लक्ष्य गोळी मुकाट्याने झेलते. कागदावर भोक पडते आणि ते नेमके कोठे पडले हे दुर्बिणीतून किंवा जवळ जाऊन पाहावे लागते. दुसऱ्या प्रकारचे लक्ष्य नेम लागताच फुटते, पडते किंवा वाजते, म्हणजे नेमबाजाला आणि भोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाला निकाल त्याच क्षणी कळतो. सराव सुधारण्यासाठी कागद अधिक उपयोगी आहे, याबद्दल जाणकारांत फारसे दुमत नाही. परंतु नेमबाजी हा लोकांचा खेळ झाला तो या दुसऱ्या प्रकारच्या लक्ष्यांमुळे, आणि त्यांचा इतिहास स्पर्धांच्या गुणतक्त्यांपेक्षा कितीतरी जुना आहे.

अशा लक्ष्यांपैकी सर्वांत जुने लक्ष्य म्हणजे उंचावर बसवलेला पक्षी. द्रोणाचार्यांनी शिष्यांची परीक्षा घेण्यासाठी झाडाच्या शेंड्यावर ठेवलेला भास पक्षी कारागिरांकडून करवून घेतलेला, म्हणजे कृत्रिम होता, ही गोष्ट महाभारताच्या आदिपर्वात स्पष्ट सांगितली आहे. ग्रीक महाकाव्य इलियडमध्ये पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीनिमित्त झालेल्या खेळांत जहाजाच्या डोलकाठीला खरी कबुतरी दोरीने बांधली होती. एका धनुर्धराचा बाण दोरीला लागून ती सुटली आणि दुसऱ्याने तिला आकाशात टिपली. मध्ययुगीन युरोपात मात्र लाकडी पक्षीच रूढ झाला. फ्लँडर्स, नेदरलँड्स आणि जर्मन प्रदेशांतील नगरांना तटबंदीच्या रक्षणासाठी नेम धरता येणारे नागरिक हवे असत. त्यांनी सरावाला यावे म्हणून धनुर्धरांची आणि पुढे बंदूकधाऱ्यांची मंडळे स्थापन झाली आणि वर्षातून एकदा उंच खांबाच्या टोकावर रंगवलेला पक्षी लावून त्याला पाडण्याची स्पर्धा होऊ लागली. शेवटचा तुकडा खाली पाडणारा त्या वर्षाचा ‘राजा’ ठरे आणि मिरवणूक, मेजवानी व जत्रा त्याच्याभोवती रंगत. जर्मनीतील गावोगावचे नेमबाज-उत्सव आजही याच परंपरेतले आहेत.

स्कॉटलंडमधील किलविनिंग येथे मठाच्या मनोऱ्याबाहेर काढलेल्या काठीवर असा पक्षी लावून तो बाणाने पाडण्याची स्पर्धा अजूनही होते आणि तेथील धनुर्धर आपली परंपरा 1483 पर्यंत मागे नेतात. पक्षी पाडण्याचे हे प्रकार 1900 च्या पॅरिस आणि 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये तिरंदाजीत समाविष्ट होते. झुरिचमध्ये दर सप्टेंबरात 13 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी भरणाऱ्या नेमबाजी स्पर्धेभोवतीही मोठी जत्रा भरते. 1991 पासून त्यात मुलींनाही प्रवेश मिळाला. तेथे लक्ष्य साधेच असले, तरी सरावाला उत्सवाची जोड देण्याची जुनी नागरी पद्धत तीच आहे.

या इतिहासाचा दुसरा, अधिक कठोर धागा इंग्लंडमध्ये सुरू होतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे पकडलेली कबुतरे खळग्यात किंवा पेटीत ठेवून दोरीच्या झटक्याने मोकळी सोडायची आणि उडताना टिपायची, असा खेळ रूढ झाला. उडत्या तबकड्या टिपण्याच्या आजच्या ऑलिंपिक प्रकाराचे ‘ट्रॅप’ (म्हणजे सापळा) हे नाव त्या खळग्या-पेट्यांवरूनच आले. लंडनचा प्रतिष्ठित हर्लिंगहॅम क्लब 1869 मध्ये याच खेळासाठी उभा राहिला. अमेरिकेत या स्पर्धांसाठी ‘पॅसेंजर पिजन’ म्हणजे प्रवासी कबूतर या जातीची रानटी कबुतरे हजारोंच्या संख्येने जाळ्यात पकडून आणली जात. 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जिवंत कबुतरांवर स्पर्धा झाली, बेल्जियमच्या लेऑन द लुंडेन यांनी 21 पक्षी पाडून ती जिंकली आणि त्या मैदानावर सुमारे 300 पक्षी मेले. जिवंत प्राणी मुद्दाम मारले गेलेली ऑलिंपिकमधील ही एकमेव स्पर्धा होय. तिची पुनरावृत्ती झाली नाही, ही क्रीडा इतिहासातील समाधानाची बाब आहे. ब्रिटनने 1921 मध्ये कायदा करून पकडलेले पक्षी सोडून त्यांच्यावर गोळ्या झाडण्यास बंदी घातली.

तथापि पक्ष्यांची सुटका केवळ दयेने झाली नाही; त्यांची जागा घेणारे स्वस्त आणि वेधक लक्ष्य सापडले, म्हणून ती शक्य झाली. 1866 च्या सुमारास बोस्टनमध्ये साधारण अडीच इंच व्यासाचे काचेचे पोकळ गोळे हवेत उडवून फोडण्याचा प्रकार सुरू झाला. सुरुवातीची यंत्रे गोळा जवळच आणि सरळ वर फेकत, त्यामुळे कसलेल्या नेमबाजांना त्यात गंमत वाटत नसे. शिवाय गुळगुळीत काचेवरून छर्रे घसरून जात. इलिनॉयचे कॅप्टन अ‍ॅडम बोगार्डस यांनी 1877 मध्ये गोळा दूर फेकणारे यंत्र आणि पृष्ठभागावर उंचवटे असलेला गोळा, अशा दोन्ही गोष्टींचे पेटंट घेतले. काही गोळ्यांत पिसे भरलेली असत, म्हणजे फुटताना खरा पक्षी लागल्याचा भास होई. बोगार्डस, डॉक कार्व्हर आणि अ‍ॅनी ओकली या नामवंत अमेरिकी नेमबाजांनी हे गोळे फोडण्याचे प्रयोग भरगच्च प्रेक्षकांसमोर केले. पण खेळ संपल्यावर मैदानात काचांचा खच पडे आणि तेथे ना गुरे चारता येत ना शेती करता येई.

त्यावर उपाय काढला तो सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्की यांनी. पाण्याच्या पृष्ठभागावर टप्पे घेत जाणाऱ्या चपट्या दगडांवरून किंवा शिंपल्यांवरून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. 1880 मध्ये त्यांनी भाजलेल्या मातीच्या बशीसारख्या तबकडीचे पेटंट घेतले. फिरत सुटलेली तबकडी गोळ्यासारखी वर जाऊन खाली पडत नसे, तर दबकून उठलेल्या पक्ष्याप्रमाणे लांबवर सपाट उडत जाई. या तबकडीचा खप वाढावा म्हणून 1883 मध्ये कार्व्हर आणि बोगार्डस यांच्यात 25 सामन्यांची मालिका झाली आणि कार्व्हर यांनी ती सहज जिंकली. पहिल्या तबकड्या मात्र इतक्या कडक भाजलेल्या असत की छर्रा लागल्यावर फुटण्याऐवजी घंटेसारख्या वाजत. नेम लागूनही तबकडी शाबूत राहिली तर खेळाचा प्राणच जातो, म्हणून डांबर आणि चुनखडीची भुकटी यांचे ठिसूळ मिश्रण आले आणि तेच टिकले. आजची आंतरराष्ट्रीय तबकडी 110 मिलिमीटर व्यासाची आणि साधारण 105 ग्रॅम वजनाची असते. जिवंत कबुतरांच्या खेळाला पर्याय देणारी ही तबकडी ज्या शहरात जन्मली, त्याच सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात 1 सप्टेंबर 1914 रोजी जगातले शेवटचे प्रवासी कबूतर मेले. त्या जातीला ती उशिराच आली.

डांबरी तबकडीचेही दुष्परिणाम पुढे उघड झाले. तिचे तुकडे खाल्लेल्या डुकरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत आणि शिशाच्या छर्ऱ्यांनी जमीन व पाणथळ जागा दूषित होतात. त्यामुळे अलीकडे कमी विषारी, मातीत मिसळून जाणाऱ्या तबकड्या आणि पोलादी छर्रे यांचा आग्रह वाढला आहे.

तबकडी हाती आल्यावर तिच्याभोवती नवे खेळ रचले जाऊ लागले. त्यांपैकी स्कीटची जन्मकथा विशेष बोलकी आहे. मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हरचे चार्ल्स डेव्हिस आणि त्यांचे सोबती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास शिकारीचा सराव म्हणून एका मोठ्या वर्तुळावर घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे जागा ठरवून प्रत्येक जागेवरून तबकड्या टिपत. शेजारी कोंबड्यांचे पालनकेंद्र सुरू झाले आणि त्या दिशेने छर्रे जाऊ लागले, तेव्हा 1923 मध्ये मंडळातील विल्यम हार्नडेन फॉस्टर यांनी वर्तुळ अर्धे केले आणि समोरच्या बाजूला दुसरे फेकयंत्र बसवले. आता एकाच दिशेने गोळीबार करूनही डावीकडून आणि उजवीकडून अशा दोन्ही बाजूंनी येणाऱ्या तबकड्या मिळू लागल्या. शेजाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या तडजोडीतून मूळ खेळापेक्षा सरस खेळ निर्माण झाला. 1926 मध्ये एका मासिकाने 100 डॉलरचे बक्षीस लावून त्याचे नाव ठरवले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने विमानांतील तोफचींना चालत्या लक्ष्याच्या पुढे नेम धरायला शिकवण्यासाठी स्कीटची मैदाने वापरली आणि 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये या प्रकाराचा समावेश झाला.

छर्ऱ्यांच्या शॉटगनला मोठे मोकळे मैदान लागते; शहरातल्या सामान्य माणसाच्या वाट्याला मात्र चार भिंतींतली नेमबाजी आली. फ्रान्सचे लुई-निकोलस फ्लोबेर यांनी 1845 च्या सुमारास अत्यंत कमी शक्तीचे काडतूस तयार केले आणि दिवाणखान्यात नेमबाजी करण्याची टूम निघाली. 1857 मध्ये अमेरिकेत .22 शॉर्ट काडतूस आले आणि जत्रेतल्या नेमबाजीच्या गाळ्यांना हवे ते हत्यार मिळाले. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर विल्यम मँगेल्स यांच्या कारखान्यात ओतीव लोखंडाची बदके, ससे आणि तारे घडत. ही लक्ष्ये साखळीवरून सरकत जात आणि गोळी लागताच मागे कलंडत. लोखंडावरून उसळणाऱ्या शिशाचा धोका टाळण्यासाठी अशा गाळ्यांसाठी आघाताने भुकटी होणाऱ्या गोळ्या खास बनवल्या जात. इंग्लंडमध्ये, विशेषतः बर्मिंगहॅमच्या परिसरात, पबमध्ये एअर रायफलने सहा यार्डांवरून लोखंडी पत्र्याच्या मधल्या छिद्रातून छर्रा नेऊन मागची घंटा वाजवण्याचे सामने होत आणि त्यांच्या स्थानिक लीग चालत. ते छिद्र पाऊण इंचाच्याही निम्मे असे. इतक्या साध्या साधनातून इतका चुरशीचा खेळ उभा राहिल्याचे दुसरे उदाहरण नेमबाजीत मला तरी आढळत नाही.

धातूच्या लक्ष्यांचा सर्वांत पद्धतशीर खेळ मेक्सिकोत घडला. तेथेही सुरुवात जिवंत प्राण्यांपासून झाली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास त्यांच्या जागी पोलादी पत्र्यातून कापलेल्या आकृत्या आल्या : 200 मीटरवर कोंबडी, 300 वर डुक्कर, 385 वर टर्की आणि 500 मीटरवर एडका. नेमबाजाने कोणताही आधार न घेता उभ्याने गोळी झाडायची आणि आकृती नुसती लागून चालत नाही, ती आडवी पडावी लागते. 1960 च्या दशकाच्या अखेरीस हा खेळ ॲरिझोनामार्गे अमेरिकेत पोहोचला आणि पुढे एअर रायफलसाठी त्याच आकृत्या एकदशांश आकारात 20 ते 45 यार्डांवर मांडल्या जाऊ लागल्या. इंग्लंडमध्ये 1980 च्या सुमारास त्याला समांतर असा फील्ड टार्गेट हा प्रकार आला. त्यात पत्र्याच्या प्राण्यावरील 15 ते 40 मिलिमीटरच्या छिद्रातून छर्रा गेला तरच आकृती पडते, कडेला लागला तर ती तशीच उभी राहते आणि पडलेली आकृती नेमबाज आपल्या जागेवरूनच दोरी ओढून पुन्हा उभी करतो. बायथलॉनमध्ये, म्हणजे बर्फावरील स्कीइंग आणि रायफल नेमबाजी यांच्या जोडखेळात, 50 मीटरवरील पाच काळी वर्तुळे लागताच पांढरी होतात, त्यामागचे तत्त्वही तेच आहे.

भारतात तबकडीचा खेळ प्रथम संस्थानिकांच्या हाती होता. बिकानेरचे महाराजा कर्णीसिंह यांनी 1962 मध्ये कैरो येथील जागतिक स्पर्धेत ट्रॅप प्रकारात रौप्यपदक मिळवले आणि पाच ऑलिंपिकमध्ये भाग घेतला; दिल्लीतील तुघलकाबादच्या रेंजला त्यांचे नाव आहे. 2004 मध्ये अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये, म्हणजे एकाच वेळी सुटणाऱ्या दोन तबकड्या टिपण्याच्या प्रकारात, रौप्यपदक जिंकले. महाराष्ट्राची कीर्ती मात्र स्थिर लक्ष्यावरची आहे : सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या अंजली भागवत, 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेतेपद मिळवलेल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभ्याने) प्रकारात कांस्यपदक मिळवलेले स्वप्नील कुसाळे हे सर्व रायफलचे नेमबाज आहेत.

तरीही मराठी माणसाच्या हाती पहिली बंदूक बहुधा येते ती जत्रेत किंवा चौपाटीवर, फळीवर ओळीने लावलेल्या रंगीत फुग्यांसमोर. रबरी फुगा 1824 मध्ये मायकेल फॅरेडे यांनी लंडनमध्ये वायूवरील प्रयोगांसाठी बनवला होता. नेमबाजीचे लक्ष्य म्हणून तो जवळजवळ आदर्श आहे, कारण तो स्वस्त असतो, छर्रा परत उसळवत नाही आणि फुटल्याचा आवाज सर्वांना ऐकू जातो. त्या गाळ्यांवरच्या बंदुकांची नळी आणि नेम धरण्याची माशी अनेकदा बिघडलेली असते, मुलांना चाप कसा ओढावा हे कोणी सांगत नाही आणि डोळ्यांना चष्मा नसतो. आपल्याकडील 10 मीटरच्या रेंजवर फुगे आणि पडणाऱ्या पातळ पट्ट्या यांची एक रांग लावायला मागे छर्रे अडवणारी पेटी, डोळ्यांवर संरक्षक चष्मे आणि शेजारी एक जबाबदार प्रशिक्षक एवढे पुरेसे आहे. सुट्टीतील शिबिरांत कागदी लक्ष्याच्या आधी मुलांसमोर ही रांग ठेवावी, असे मला मनापासून वाटते.