जपानी भाषेतील कालावधी

एखादी गोष्ट किती वेळ चालली, किती दिवस किंवा वर्षे टिकली, हे जपानीत सांगण्याची रीत. पुण्या-मुंबईत होणाऱ्या जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेच्या सर्वांत सोप्या, म्हणजे एन-५ पातळीलाही हा भाग येतोच. त्याचे व्याकरण मराठी माणसाला जवळजवळ फुकट मिळते. घाम फुटतो तो उच्चारांपाशी. (या नोंदीत 'ऽ' हे चिन्ह स्वर लांबवण्यासाठी वापरले आहे.)

पहिला भेद घड्याळातली वेळ आणि गेलेला वेळ यांचा. 'सान्जि' म्हणजे तीन वाजले. 'सान्जिकान' म्हणजे तीन तास. मराठीत 'वाजणे' आणि 'तास' हे सरळ वेगळे शब्द आहेत, जपानीत सगळा भार 'कान' या एका अक्षरावर पडतो. त्याचा अर्थ मधले अंतर. त्याच्या चित्रलिपीत दाराच्या दोन फळ्या आणि त्यांच्या मधोमध सूर्य दिसतो. फटीतून येणारे ऊन एकदा डोळ्यांसमोर आणले की हे अक्षर सहसा विसरत नाही.

तास आणि आठवडे यांना 'कान' लावावेच लागते : 'निजिकान' दोन तास, 'इश्शूकान' एक आठवडा. मिनिटे, दिवस आणि वर्षे यांना ते लावले नाही तरी चालते. 'निनेन' म्हणजे दोन वर्षे आणि दुसरे वर्षही. घोळ टाळायचा असेल तर 'निनेनकान' म्हणतात. महिन्यांची तऱ्हा निराळी. 'सान्गात्सु' हा मार्च महिना, तर 'सान्कागेत्सु' हे तीन महिने. यातला 'का' लिहिताना बऱ्याचदा काताकाना लिपीतल्या 'के'सारखे छोटे चिन्ह काढतात, पण वाचायचे 'का'च. दुकानावरच्या पाटीवर नवखे हमखास इथे अडखळतात.

आकडे पाठ असले म्हणजे काम झाले असेही नाही. एकटा चारच घ्या : चार तास 'योजिकान', चार मिनिटे 'योन्पुन', चार दिवस 'योक्का', चार आठवडे 'योन्शूकान', चार महिने 'योन्कागेत्सु', चार वर्षे 'योनेन'. एप्रिल मात्र 'शिगात्सु'. मिनिटांचा 'फुन' मागच्या आकड्याला चिकटून रूप बदलतो : 'इप्पुन', 'निफुन', 'सान्पुन', 'योन्पुन', 'गोफुन', 'रोप्पुन', आणि दहाला 'जुप्पुन'. या 'फु'मध्ये खालचा ओठ दातांना लागत नाही. दिव्यावर फुंकर मारताना ओठ जसे होतात तसे ठेवायचे.

खरी परीक्षा दिवसांची. दोन ते दहा दिवसांसाठी अस्सल जपानी शब्द आहेत : फुत्सुका, मिक्का, योक्का, इत्सुका, मुइका, नानोका, योऽका, कोकोनोका, तोऽका. पुढे चिनी वळणाचे 'जूइचिनिचि' वगैरे सुरू होते, पण चौदाला 'जूयोक्का' आणि विसाला 'हात्सुका' पुन्हा डोके वर काढतात. हेच शब्द तारखेलाही चालतात. 'मिक्का' म्हणजे महिन्याची तीन तारीख आणि तीन दिवसही. अपवाद फक्त एकाचा : एक तारीख 'त्सुइताचि', एक दिवस 'इचिनिचि', आणि लिहिताना दोन्हींची चित्रलिपी एकच! इचिनिचिला सहसा 'कान' लावत नाहीत. योक्का (चार) आणि योऽका (आठ) यांत फरक एवढाच, की पहिल्यात 'क' वर आघात येतो आणि दुसऱ्यात 'यो' लांबतो. चार दिवसांची खोली हवी असताना आठ दिवसांची मागितली जाते ती इथेच. हाच मिक्का 'मिक्का बोऽझु' या शब्दात आहे. शब्दशः अर्थ तीन दिवसांचा भिक्षू. हाती घेतलेले काम दोन-तीन दिवसांत सोडून देणाऱ्याला असे म्हणतात.

वाक्यरचना आपल्या ओळखीची आहे. आपण 'तीन वाजता उठलो' म्हणताना 'ता' लावतो, पण 'तीन तास झोपलो' म्हणताना तासाला काहीच लावत नाही. जपानीतही तसेच : 'सान्जि नि ओकिमाश्ता', पण 'सान्जिकान नेमाश्ता'. इंग्रजीतून जपानी शिकणारे कालावधीलाही 'नि' चिकटवतात. मराठीतून विचार करणाऱ्याचे इथे सहसा चुकत नाही. 'आठवड्यातून तीनदा' म्हणताना मात्र 'नि' हवाच : 'इश्शूकान नि सान्काइ'. 'दोन तासांत' यातल्या 'त'चे काम 'दे' करतो : 'निजिकान दे'. अंदाज सांगायचा तर कालावधीला 'गुराइ' आणि घड्याळातल्या वेळेला 'गोरो' लावतात. 'किती वेळ लागतो?' याला 'दोनोगुराइ काकारिमासु का'. उत्तर असे येऊ शकते : 'शिन्कान्सेन दे निजिकान जूगोफुन गुराइ देसु', तोक्योहून क्योतोला वेगवान गाडीने साधारण एवढा वेळ लागतो.

आपण याला सव्वादोन तास म्हटले असते. जपानीत सव्वा, पाऊण, दीड, अडीच नाहीत. पंधरा आणि पंचेचाळीस मिनिटे मोजूनच सांगावी लागतात. अर्ध्यासाठी 'हान' आहे, आणि तो 'साडे'सारखा आधी न येता मागून येतो : 'सान्जि हान' साडेतीन वाजले, 'सान्जिकान हान' साडेतीन तास. आधी आला तर अर्थ निव्वळ अर्धा. 'हान्तोशि' म्हणजे सहा महिने.

वेळ जास्त वाटला की कमी, हे दोन छोट्या शब्दांनी कळते. 'निजिकान मो माचिमाश्ता' म्हणजे तब्बल दोन तास थांबलो. 'जुप्पुन शिका आरिमासेन' म्हणजे दहाच मिनिटे आहेत. या 'शिका'बरोबर क्रियापद नकारार्थीच लागते. 'दहा मिनिटांशिवाय नाही' असे मनात म्हणावे, म्हणजे नकार राहून जात नाही.

तासाचे आजचे माप जपानी रोजच्या व्यवहारात फार जुने नाही. जपानने 1 जानेवारी 1873 रोजी ग्रेगोरियन कालगणना आणि तिच्याबरोबर समान लांबीचे तास स्वीकारले. त्याआधी एदो काळात (1603 ते 1868) उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंतचे सहा आणि रात्रीचे सहा असे भाग पाडत, त्यामुळे उन्हाळ्यात दिवसाचा भाग लांबे आणि हिवाळ्यात आखूड होई. भागांचे आकडे नवापासून चारापर्यंत उलटे उतरत. दुपारी दोनच्या सुमाराचा भाग आठवा, म्हणजे 'यात्सु'. त्या वेळी काहीतरी तोंडात टाकायची पद्धत होती. मुलांच्या दुपारच्या खाऊला जपानीत अजूनही 'ओयात्सु' म्हणतात, घड्याळात तेव्हा तीन वाजलेले असले तरी.