‘आठवीपर्यंत परीक्षाच नाही’ हे खरं नाही

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि तेव्हापासून ही समजूत पारावर, व्हॉट्सअॅपवर फिरतेय. कायद्याने बंदी घातली होती ती मुलाला त्याच वर्गात बसवण्यावर आणि बोर्डाच्या परीक्षेच्या सक्तीवर. मूल्यमापन कधीच थांबलं नव्हतं. भाषा, गणित, विज्ञान, इतिहास-भूगोल या विषयांत वर्षभर तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, चाचण्या चालतात. हे झालं आकारिक मूल्यमापन. सत्राअखेरीस संकलित, म्हणजे आपली ओळखीची लेखी परीक्षा. कला, कार्यानुभवालाही श्रेणी मिळते, ती पालक क्वचितच बघतात! शिवाय कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी आणि आठवीत मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्राने 2023 मध्ये नियम बदलले. आता पाचवी आणि आठवीत वार्षिक परीक्षेत अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा होते, आणि त्यातही नापास झालं तर मूल त्याच वर्गात राहतं.