सीईए नॉर्मल, म्हणून कॅन्सर नाही?
‘रक्तातला सीईए (आतड्याच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं एक प्रथिन) नॉर्मल आला, म्हणजे आतड्याचा कॅन्सर नाही’ हा समज चुकीचा आहे, आणि घातकही. १९६५ मध्ये माँट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी हे प्रथिन शोधलं. पण सुरुवातीच्या टप्प्यातल्या बऱ्याच रुग्णांत ते वाढतच नाही. उलट सिगारेट ओढणाऱ्यांत, यकृताच्या आजारात कॅन्सर नसतानाही वाढतं. त्याचा खरा उपयोग निदानानंतर. ऑपरेशनआधी ते मिलिलिटरमागे ५ नॅनोग्रॅमच्या वर असेल, तर आजार उलटण्याचा धोका जास्त धरतात. ऑपरेशननंतरही आकडा उतरला नाही, किंवा उतरून पुन्हा चढू लागला, तर स्कॅन करून शोध घेतात. शौचातून रक्त जात असेल तर कृपया या रिपोर्टवर विसंबू नका. डॉक्टरांना कोलोनोस्कोपीबद्दल (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची आतून तपासणी) विचारा.