साखरेची पट्टी आली, विस्मरणाची का रखडली?

बोटाला सुई टोचायची, पट्टीवर थेंब टेकवायचा आणि साखर वाचायची, हे गोव्यात म्हापसा-मडगावच्या घरांत आता अंगवळणी पडले आहे. मग विस्मरण घडवणाऱ्या अल्झायमर आजाराचा सुगावा असाच आधी का लागू नये? विद्युतरासायनिक जैवसंवेदकांवरचे, म्हणजे शरीरातला एखादा पदार्थ विद्युतप्रवाहातून मोजणाऱ्या अशा साधनांवरचे, बरेच संशोधन याच प्रश्नामागे लागले आहे.

या पट्टीचे मूळ अमेरिकी संशोधक लेलंड क्लार्क यांच्या कामात सापडते. ऑक्सिजन मोजणारा त्यांचा इलेक्ट्रोड 1956 चा. सहकारी लायन्स यांच्यासोबत 1962 मध्ये त्यांनी त्याला ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराची (एन्झाइमची) जोड सुचवली. हे विकर ग्लुकोजवर काम करताना ऑक्सिजन खर्च करते, आणि तो किती घटला यावरून साखर कळते. पेनाएवढा मीटर बाजारात यायला 1987 उजाडले.

मेंदूकडेही इलेक्ट्रोड लवकरच वळला. कॅन्सस विद्यापीठात राल्फ ॲडम्स आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्ये उंदराच्या मेंदूतच तो बसवला. पार्किन्सनमध्ये घटणारे डोपामिन हे मेंदूतले रसायन इलेक्ट्रोडवर सहज ऑक्सिडाइझ होते, म्हणजे इलेक्ट्रॉन देते, त्यामुळे ते विद्युतप्रवाहातून टिपता येते. पण निदानासाठी कोणी माणसाच्या मेंदूत तार घालणार नाही.

अल्झायमरची गोष्ट त्याहून अवघड. अलॉइस अल्झायमर यांनी 1906 मध्ये प्रथिनांचे जे साठे आणि गुंते दाखवले, ते मृत्यूनंतरच्या मेंदूत. या साठ्यांतही असणारे बीटा-अमायलॉइड हे प्रथिन 1984 मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांतून वेगळे काढले, तेव्हा कुठे मोजायचे काय ते कळले. आणि मोजायचे किती? रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये ग्लुकोज साधारण 1 मिलिग्रॅम असते. अल्झायमरची खूण मानले जाणारे पी-टाऊ 217 हे प्रथिन पिकोग्रॅममध्ये मोजावे लागते, आणि 1 मिलिग्रॅम म्हणजे 100 कोटी पिकोग्रॅम! शिवाय ग्लुकोजसारखे त्याला हाताशी विकर नाही. इलेक्ट्रोडवर प्रतिपिंड (अँटिबॉडी) किंवा ॲप्टामर (नेमका पदार्थ पकडणारा डीएनए-आरएनएचा तुकडा) बसवून ते पकडावे लागते, आणि तेवढ्यात रक्तात मुबलक असणारे अल्ब्युमिन हे प्रथिन पृष्ठभागावर चिकटून बसते. रक्ताऐवजी स्वच्छ द्रावणात मिळवलेले चमकदार आकडे म्हणूनच मला फारसे भुलवत नाहीत.

मे 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, पी-टाऊ 217 वर आधारलेल्या पहिल्या रक्तचाचणीला मान्यता दिली. ती चालते प्रयोगशाळेतल्या मोठ्या यंत्रावर, पट्टीवर नाही. शिवाय ती आहे लक्षणे दिसू लागलेल्या, 55 वर्षे आणि त्यापुढच्या रुग्णांसाठी.

गोव्यात ही लक्षणे दवाखान्यापर्यंत पोचणे हीच अडचण. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इथल्या अभ्यासात लोकांनी विसरभोळेपणा म्हातारपणाच्याच खात्यात टाकल्याचे दिसले. पुढे 2008 मध्ये 81 कुटुंबांना घरपोच मदत देऊन पाहणाऱ्या गोव्यातल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात स्थानिक प्रशिक्षित कार्यकर्ते घरी जाऊन विस्मरणाच्या रुग्णांच्या काळजीवाहूंना आधार देत होते. उद्या पट्टी आलीच, तर बांबोळीच्या सरकारी इस्पितळातल्या प्रयोगशाळेपेक्षा अशा कार्यकर्त्यांच्या पिशवीत तिचा उपयोग जास्त.