गावाचा पूर-नकाशा : सॉफ्टवेअर बसवून घेण्याआधी

खाडीकाठच्या ग्रामपंचायती, नगरपरिषदा आणि गृहनिर्माण संस्थांसाठी

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. घाटात मुसळधार पाऊस चालू होता आणि पौर्णिमा दोनच दिवसांवर असल्याने खाडीत उधाणाचे दिवस होते. खाडीकाठच्या गावाला वरून नदी आणि खालून समुद्र, दोन्हींचा हिशेब ठेवावा लागतो. नुसत्या पावसावर बेतलेला नकाशा आम्ही कोणालाच देत नाही.

पुराचे पाणी कुठवर आणि किती चढेल, याचे गणित करून नकाशा काढणारे ‘हेक-रास’ (HEC-RAS) हे सॉफ्टवेअर आम्ही बसवतो. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने बनवलेले हे सॉफ्टवेअर विंडोजवर चालते आणि पूर्णपणे मोफत आहे, त्यामुळे त्याचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. आमची फी मोजणीची, मांडणीची आणि तुमच्या माणसांना शिकवण्याची.

खरे काम जमिनीच्या उंचीचे आहे. उपग्रहावरून केलेले उंचीचे नकाशे फुकट मिळतात, पण त्यांचा एक चौकोन साधारण ३० मीटरचा असतो. त्यात खारबंदिस्तीचा, म्हणजे खाडीचे खारे पाणी अडवणारा, अरुंद बांध दिसतच नाही. नारळी-पोफळीच्या वाडीत तर हे नकाशे जमिनीऐवजी झाडोऱ्याची उंची धरतात, आणि दरवर्षी पाण्याखाली जाणारी वाडी कागदावर कोरडी राहते. म्हणून बांधाचा माथा, उघाड्या (बांधातली पाणी सोडायची झडपांची दारे), मोऱ्या, पुलाखालची जागा आणि मुख्य रस्ता आम्ही स्वतः फिरून मोजतो. वेळ सर्वांत जास्त इथे जातो आणि तो वाचवू नये, असे आमचे ठाम मत आहे.

उंची कुठून मोजली, हेही तितकेच महत्त्वाचे. भरती-ओहोटीच्या तक्त्यातले आकडे सरासरी समुद्रसपाटीपासूनचे नसतात, ते त्याहून बऱ्याच खालच्या पातळीपासून मोजलेले असतात. मुंबईत हा फरक सुमारे अडीच मीटर आहे. तक्त्यातला आकडा तसाच भरला, तर पाऊस नसतानाही निम्मे गाव बुडालेले दिसेल. जीपीएस यंत्राच्या कच्च्या उंचीत आणि समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत तर कोकणात साठ मीटरहून जास्त फरक पडतो. तुमचे काम दुसऱ्या कोणाकडून करून घेतलेत, तरी हा मेळ कसा घातला ते जरूर विचारा.

यानंतर गणितासाठी गावाच्या नकाशावर लहान-लहान तुकड्यांची जाळी टाकली जाते. बांध आणि रस्ते यांच्या रेषेवर जाळीच्या कडा बसवतो, म्हणजे पाणी बांध ओलांडल्याशिवाय पलीकडे जात नाही. वरच्या टोकाला नदीचा प्रवाह, खालच्या टोकाला भरतीची तासातासाची पातळी आणि सगळ्या क्षेत्रावर पाऊस दिला की गणित सुरू होते.

पहिले उत्तर कधीच अंतिम नसते. जुना पूर पुन्हा चालवून पाहतो आणि नकाशातले पाणी गावकऱ्यांनी दाखवलेल्या खुणांशी ताडतो. देवळाच्या पायरीवरची रेघ, दुकानाच्या भिंतीवरचा डाग, ‘पाणी ओट्याला लागले तेव्हा दिवे गेले होते’ असे सांगणाऱ्या आजी, हा सगळा पुरावा आम्ही लिहून घेतो. पातळीइतकीच वेळही कामाची, कारण पाणी नेमके भरतीच्या वेळी चढले का, हे त्यावरूनच कळते.

या नकाशावरून शाळेत आसरा घेता येईल का, होडी कुठून न्यावी, कोणती मोरी मोठी हवी, हे ठरवता येते. घरे सोडण्याचा निर्णय मात्र हवामान विभागाच्या आणि जिल्हा प्रशासनाच्या इशाऱ्यावरच घ्यायचा. बांध नवा झाला, भराव पडला किंवा नदीतला गाळ काढला, तर नकाशा जुना झाला. त्यासाठी गावातल्या दोन जणांना आम्ही फेरबदल करायला शिकवतो आणि सगळ्या फायली पंचायतीकडेच ठेवतो.

आम्ही येण्याआधी पुराचे फोटो गोळा करा, शक्यतो तारीख-वेळ असलेले. उघाड्यांची झडपे कोण सांभाळते आणि त्यांतली कोणती गळतात, याची यादी काढा. मोजणी पावसाळ्याआधी, ओहोटीच्या वेळी करावी लागते, म्हणून फेब्रुवारीपर्यंत कळवलेत तर उत्तम.